हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. या कागदाला आपण हयातीचा दाखला म्हणतो. एका मंत्रालयाच्या आस्थापना शाखेत कारकुनी करीत असल्यामुळे असे दाखले माझ्या हाताखालून पुष्कळ गेले आहेत. नाव, खाते क्रमांक, सही, तारीख एवढे पाहावे आणि कागद पुढे सरकवावा, यापलीकडे त्यांत विचार करण्याजोगे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो विचार करण्याची पाळी माझ्या घरातच आली, म्हणून हा प्रपंच.

माझे वडील वाईला शाळामास्तर होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांच्या अक्षराचा गावात लौकिक होता. लग्नपत्रिकेचा मसुदा असो की ग्रामदेवतेच्या उत्सवाची वर्गणीची यादी असो, ती अण्णांच्या हातची असली म्हणजे लोक ती टाकून देत नसत. २०२२ साली आई गेली आणि मी त्यांना दिल्लीला, सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर घेऊन आलो. त्यांचे मन येथे रमले असे मी म्हणणार नाही. पण सकाळी बागेत फेरी, दुपारी वर्तमानपत्र आणि दर पंधरवड्याला वाईच्या आत्याला एक पत्र, असा क्रम त्यांनी लावून घेतला होता.

२०२३ च्या उन्हाळ्यात त्यांना पोट फुगण्याचा त्रास होऊ लागला. एका डॉक्टरांनी महिन्याभरासाठी एक कॅप्सूल लिहून दिली. तिने गुण आला. गुण आला म्हणूनच ती पुढे चालू राहिली. महिना संपला तरी मी जुनीच चिठ्ठी दाखवी आणि औषधवाला नवी पाकिटे देई. कचेरीत आम्ही तात्पुरत्या हुकमांना मुदतवाढ देतो, तीदेखील कुणाच्या तरी सहीने देतो. या हुकमाला मुदतवाढ मिळाली ती कुणाच्याच सहीवाचून.

दिवाळीच्या सुमारास अण्णांचे चालणे मंदावले. पाय उचलून टाकण्याऐवजी ते घासत चालू लागले. चेहऱ्यावरचे हसू हरपले. नातवाने केलेला विनोद त्यांना समजे, पण ओठ हलत नसत. "दिल्लीची थंडी बाधली," असे आम्ही म्हणालो. मग दोन्ही हात कापू लागले. आत्याला लिहिलेली ओळ पहिल्या शब्दाला मोठी असे आणि शेवटच्या शब्दापर्यंत मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक होत जाई. त्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर त्यांनी सही केली, ती नमुन्याच्या सहीशी जुळेना. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी सौजन्याने पुन्हा एकदा करायला सांगितली. तीही जुळली नाही. अखेर अंगठा घेतला. ज्या माणसाने गावाला गिरवायला शिकवले त्याचा अंगठा घेतला गेला, आणि मी शेजारी उभा राहून मान खाली घातली. ती दुःखाने घातली की शरमेने, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

जानेवारीत दुसऱ्या एका डॉक्टरांनी हाताचा कंप पाहून ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी दिली. कंप थोडा उतरला. पण पंधरा-वीस दिवसांत अण्णा विसरू लागले. आई मंडईतून आली का, असे विचारू लागले. रात्री गच्चीत माणसे उभी असल्याचे त्यांना दिसे. कंपवाताबरोबर आता स्मृतिभ्रंशही आला आहे, असे कुणी म्हणाले आणि ते सर्वांना पटले. मी सर्वांना कळवून टाकले, "वय झाले आता."

हे दोन शब्द वरवर दुःखाचे वाटतात. वस्तुतः ते सोयीचे आहेत. 'वय झाले' म्हटले की पुढे काही शोधायचे उरत नाही. फाईलवर 'दप्तरी दाखल' असा शेरा पडावा तसे ते आहे. शेरा मारणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसतो, पण त्यानंतर त्या कागदाकडे कुणी पाहत नाही. मी तसेच वागलो. अण्णांचे पासबुक मी माझ्या कपाटात ठेवले. ते खोलीत बसलेले असताना मी पाहुण्यांना त्यांच्याविषयी सांगू लागलो, "त्यांना आता काही कळत नाही." जेवणात काय हवे हे त्यांना विचारणे बंद झाले. वाईचे घर भाड्याने द्यावे असे मी आणि धाकट्या भावाने फोनवर ठरवले. घर त्यांचे होते, आणि ते तीन हातांवर बसले होते.

२०२४ च्या जून महिन्यात वेगळ्याच कारणाने आम्ही एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासण्याआधी मला परत पाठवले. "घरात जी जी औषधे आहेत ती सगळी पिशवीत घालून आणा. चूर्ण, थेंब, काढा, काही वगळू नका," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले. नंतर एकच प्रश्न विचारला: "यांतले कोणते आधी सुरू झाले?" जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचावी, हे मी पंधरा वर्षे कचेरीत नव्या उमेदवारांना सांगत आलो आहे. घरच्या फाईलचे मात्र मी शेवटचेच पान वाचीत होतो.

त्या कॅप्सूलमध्ये आम्लपित्तावरच्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड नावाचे दुसरे औषध होते. त्याची करणी समजून घेण्यासारखी आहे. आपल्या मेंदूच्या खोल भागात हालचालींचे नियमन करणारी केंद्रे आहेत. तेथील पेशी डोपामिन नावाच्या द्रव्यामार्फत एकमेकींना निरोप धाडतात. खऱ्या कंपवातात हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. लेव्होसल्पिराइड पेशी मारीत नाही. निरोप जेथे पोचायचा ते दार ते अडवून धरते. पत्र पाठवणारा मेला काय किंवा पत्रपेटीला कुणी कुलूप घातले काय, घरातल्या माणसाला पत्र येत नाही एवढेच कळते. जठराची हालचाल मंदावण्यातही या द्रव्याचा हात असतो, म्हणून ते अडवले की पोट हलके होते. एकाच कुलपाने पोटाला आराम मिळतो आणि हातापायांची वाट बंद होते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरची सिनारिझिन व फ्लुनारिझिन, आणि मनोविकारांवरची कित्येक औषधे यांच्या हातूनही असेच घडू शकते. वृद्धांत त्याचा संभव अधिक.

दुसऱ्या गोळीची गोष्ट आपल्याला अधिक ओळखीची वाटेल. धोतऱ्याची बी पोटात गेली तर माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेली माणसे पाहतो, हे आपल्याकडच्या खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक असते. ट्रायहेक्सिफेनिडिल मेंदूतले जे द्रव्य अडवते तेच धोतराही अडवतो, आणि स्मरणशक्तीचा त्या द्रव्याशी निकटचा संबंध आहे. म्हणजे पहिल्या औषधाने एक आजार उभा केला. त्या आजारावर दुसरे औषध आले. त्याने दुसरा आजार उभा केला. या साखळीला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते १९९० नंतरच्या दशकात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्या वृद्धांना कंपवातावरचे औषध सुरू होण्याचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला होता. म्हणजे आमच्या घरी घडले ते काही नवल नव्हते.

या विषयाशी आपल्या दिल्लीचे नाते जुने आहे, हे मला पुढे वाचनात आढळले. करोल बागेतील तिब्बिया कॉलेजवरून मी कितीतरी वेळा गेलो आहे. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या या संस्थेचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथेच १९३१ साली सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद व रक्तदाब यांवर उपयोगी असल्याचे प्रसिद्ध केले. बिहारकडे तिला वेडावरचे औषध म्हणून लोक आधीपासूनच ओळखत होते. पुढे मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर उपयोग करून १९४९ साली आपले निष्कर्ष इंग्लंडमधील नियतकालिकात छापले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे निघाले आणि ते जगभर पसरले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

परंतु रेसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांचे हातपाय ताठ होऊ लागले, चेहरे निर्विकार झाले, हात कापू लागले. क्लोरप्रोमाझिन हे औषध त्याच सुमारास आले, त्याचेही तेच झाले. हा कंप म्हणजे औषध लागू पडल्याची खूण आहे, असे मानणारे डॉक्टरही त्या काळी होते. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी मात्र या खुणेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. १९५७ साली त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल झाले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो आणि डोपाने तो पुन्हा भरतो, असा त्याचा अर्थ निघाला. १९६० साली व्हिएन्नात होर्निकिएविच व त्यांचे सहकारी यांना खऱ्या कंपवाताने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिनचाच तुटवडा आढळला. १९६७ साली न्यूयॉर्कमधील कोट्झियस यांनी पोटातून मोठ्या मात्रेत डोपा देऊन रोग्यांना चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. नवल असे की, हेच डोपा द्रव्य मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच आपल्या खाजकुइलीच्या बियांतून वेगळे काढले होते. एक मुळी आजाराची नक्कल करणारी आणि एक बी तो हटवणारी, दोन्ही आपल्याच मातीतल्या.

हा इतिहास सांगण्यात देशाभिमानाचा भाग थोडा आहे, हे मी नाकारीत नाही. पण मला त्यातून वेगळेच काही शिकायला मिळाले. पडून राहिलेल्या सशाकडे पाहून 'औषधाने असे होतेच' म्हणणे सोपे होते. एकाने 'का?' असे विचारले, आणि ज्यांचा आजार नकली नव्हता अशा लक्षावधी रोग्यांना त्याचा लाभ झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अण्णांच्या बाबतीत अपराध कुणाचा? पहिल्या डॉक्टरांनी औषध एक महिन्यासाठी दिले होते. दुसऱ्यांनी समोर दिसणाऱ्या कंपावर उपाय केला. औषधवाल्याने चिठ्ठी पाहून माल दिला. मी तर रोज वेळेवर, न चुकता, भक्तिभावाने कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवीत होतो. प्रत्येकाने आपापले काम केले, आणि सर्वांच्या कर्तव्यतत्परतेतून एका माणसाचे वर्ष वाहून गेले. कचेरीत वाढलेल्या माणसाला या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटू नये. ज्या प्रकरणात कुणाचीच चूक सापडत नाही, त्यात बहुधा 'हे अजून का चालू आहे?' असे विचारण्याचे काम कुणाकडेच सोपवलेले नसते. नेमलेला माणूस नसेल तर ते काम जवळच्या माणसाचे, असे मला आता वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. कंप पावणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या पिशवीत असे औषध नसते. बहुतेकांचा आजार खराच असतो. त्यांच्या मुलांना खोटी आशा लावणे हेही क्रौर्यच. शिवाय प्रत्येक गोळीवर संशय घेणारा माणूस शेवटी आवश्यक औषधही बंद करून बसेल. कित्येक औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, आणि आमच्याकडेही जे थांबले ते डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली, क्रमाने थांबले. मला संशयाचा धर्म स्थापायचा नाही. शेरा मारण्यापूर्वी एकदा फाईल पहिल्या पानापासून वाचावी, एवढेच माझे म्हणणे आहे. शोध व्यर्थ गेला तर महिना-दोन महिने जातात. शोध घेतलाच नाही आणि घ्यायला हवा होता असे झाले, तर माणूस जातो.

परंतु एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. औषधे थांबल्यावर सहा-सात आठवड्यांत अण्णांचा भ्रम गेला. हातापायांचा ताठरपणा ओसरायला दिवाळी उजाडली. कित्येकांना याहून अधिक काळ लागतो, आणि ज्यांच्यात खरा आजार मुळातच दबा धरून बसलेला असतो त्यांचा कंप औषध सोडूनही राहतो, असे डॉक्टरीणबाईंनी आम्हांला आधीच बजावले होते. आम्ही सुदैवी ठरलो. एके संध्याकाळी चहा घेताना मी म्हणालो, "अण्णा, ते सहा महिने तुम्हांला काही आठवत नसेल, हे एक बरेच झाले." त्यांनी कप खाली ठेवला. "मधले काही दिवस नाही आठवत. पण बाकीचं सगळं ऐकू येत होतं रे. उत्तर जुळवायला वेळ लागायचा, तोवर तुम्ही पुढच्या विषयावर गेलेले असायचा," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "वाईच्या घराचं काय केलंत?"

त्या क्षणापर्यंत मी स्वतःला एका चुकीच्या निदानाचा बळी समजत होतो. त्यांच्या प्रश्नाने ते समाधान संपले. समजा, अण्णांचा आजार खरा असता, तर माझे वागणे योग्य ठरले असते काय? त्यांच्यादेखत 'त्यांना कळत नाही' म्हणणे, त्यांच्या घराचा निर्णय त्यांना वगळून घेणे, ताटात काय वाढावे हे न विचारणे, यांतले काय खऱ्या आजाराने क्षम्य झाले असते? निदान चुकले ही बाब वैद्यकाची. पण मी जे केले त्याचा निदानाशी काही संबंध नव्हता. मंद झालेला माणूस म्हणजे नसलेला माणूस, असे मी धरून चाललो होतो. ज्यांचा आजार खरा असतो ते साक्ष द्यायला परत येत नाहीत, म्हणून अशा खटल्यांत आपण सारे निर्दोष सुटतो. माझ्या दैवाने माझा साक्षीदार परत आला.

आपण सारे गावापासून फार दूर नोकरीसाठी राहिलेली माणसे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील सातारा, रत्नागिरी, नागपूरकडे आहेत. त्यांची खबर आपल्याला फोनवरून कळते: "थकलेत आता." वर्षातून एकदा रजा घेऊन जावे तो एकदम केवढा बदल दिसतो, आणि तो वर्षभराचा असल्यामुळे वयाचा वाटतो. येथे आणले तर गावाकडचे डॉक्टर वेगळे, येथले वेगळे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला ठाऊक नाही. अशा वेळी पिशवी उपडी करून प्रत्येक पाकिटावर ते कशासाठी, केव्हापासून आणि कधीपर्यंत, हे तीन रकाने लिहिणारे माणूस घरात असले पाहिजे. रकाने भरणे हा आपला धंदाच आहे. आणखी एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. औषधांच्या अशा अनिष्ट परिणामांची देशभर नोंद ठेवण्याचा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि त्याचे मध्यवर्ती कार्यालय २०११ पासून आपल्या शेजारीच, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. तेथे डॉक्टरच नव्हे तर रोगी वा त्याचे नातेवाईकही कळवू शकतात. आम्ही कळवले. कुणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. पुढच्या वाचणाऱ्याला पहिले पान सापडावे म्हणून.

२०२४ च्या नोव्हेंबरात अण्णा पुन्हा त्या खिडकीशी उभे राहिले. सही जुळली. पहिल्यासारखी अगदी डौलदार नव्हती. 'र'ची शेपटी थोडी हलली होती. पण नमुन्याशी पडताळून गृहस्थांनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात केला, तेव्हा अण्णा म्हणाले, "थांब, चालत जाऊ." वाटेत त्यांनी वाईच्या घराचा विषय पुन्हा काढला. भाडेकरू ठेवायचा नाही, असे त्यांचे मत पडले. माझे मत निराळे आहे. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे, आणि तो लवकर मिटावा अशी मला मुळीच घाई नाही.